आचारी आणि आचार्य

लग्नघरी पंगत बसण्याची वेळ झाली होती. यजमानांनी एका मुलाकरवी निरोप धाडला, "आचाऱ्यांना ताबडतोब मुदपाकखान्यात पाठवा." थोड्याच वेळात पाहुण्यांतील एक वृद्ध आचार्य उपरणे सावरीत चुलीपाशी येऊन उभे राहिले ! इकडे भात करपू लागला होता आणि आचारी परसात निवांत पान जमवीत बसला होता.

मुलाचे चुकले ते एवढेच, की त्याने 'चा' या अक्षरावर जोर दिला. 'आचार्यांना' असे म्हणताना 'र्' मागे सरून 'चा'ला चिकटतो व ते अक्षर जड होते. या जोराला आघात म्हणतात. 'आचाऱ्यांना' या शब्दात असा आघात नाही. तेथे 'र' हलकेच पुढील 'य'मध्ये मिसळतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात 'द' ठसठशीत ऐकू येतो, दुसऱ्यात नाही. म्हणूनच आघात असेल तेथे आपण रफार देतो, नसेल तेथे 'ऱ्य' लिहितो. कानाला जाणवणारा इतका बारीक भेद आपल्या लिपीने जपला, याचे मला मोठे कौतुक वाटते.

जोराप्रमाणे सुरानेही अक्षर उठून येते. गळ्यातील स्वरतंतू ताणले, की ते जलद कंप पावतात व आवाज चढतो. "तू आलास" हे शब्द शेवटी सूर चढवून म्हटले, की त्यांचा प्रश्न होतो. मराठीत असा वाक्याचा भाव पालटतो. वेदांच्या भाषेत मात्र एकेका शब्दाचा अर्थच पालटत असे. तेथे उंच स्वर तो उदात्त, खालचा तो अनुदात्त, आणि उदात्तामागून उतरत येणारा तो स्वरित.

इंद्राने त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला मारले. तेव्हा इंद्राला मारणारा वीर निपजावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला आणि 'इंद्रशत्रु' या शब्दाने त्याला वाढण्याची आज्ञा केली. शेवटचे अक्षर उदात्त म्हटले असते, तर 'इंद्राचा घातक' असा अर्थ झाला असता. उदात्त झाले पहिले अक्षर, आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याचा घातक आहे असा' ! अग्नीतून वृत्र निघाला, वाढला, आणि इंद्राच्याच हातून मेला. व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच या चुकीचा दाखला दिला आहे.

ऋग्वेदाची छापील प्रत मिळाली, तर उघडून पाहा. अनुदात्ताखाली आडवी रेघ असते, स्वरितावर उभी. ज्या उदात्ताने एवढा अनर्थ केला, त्याला मात्र कसलीच खूण नसते.