समुद्राचा हिशेब मुलांना करू द्या

आई-बाबांनो, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे जाणार असाल, तर त्यातला एक दिवस अलिबागसाठी राखून ठेवा. गेटवेहून बोटीने तासाभरात मांडवा आणि पुढे बस. बसचं भाडं बहुधा बोटीच्या तिकिटातच असतं. पावसाळ्यात या बोटी बंद असतात, म्हणून दिवाळीच बरी.

पण दिवस मुलांना निवडू द्या, हे मी अगदी कळकळीने सांगते. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायला ओहोटी लागते आणि कोकणात तिचा अंदाज तिथीवरून बांधतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पाचवीतल्या लेकराला जमेल असं हे गणित आहे. कॅलेंडरमधली तिथी त्यालाच शोधू द्या. अष्टमीच्या आसपास पाणी फार मागे हटत नाही, म्हणून वाळूत उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारायचं, परतायची वेळही पक्की करून घ्यायची. तेही त्यालाच विचारू द्या. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.

एरवी इथे नागपूरजवळच्या वाडीत आपल्या मुलांचा सगळा दिवस आपणच आखतो. शाळेची बस, शिकवणी, झोपायची वेळ, सगळंच. मुलाने केलेल्या हिशेबावर अख्खं घर निघालंय, हे त्याला एकदा तरी अनुभवू द्या ना!

बोटीत बसल्यावर त्याला आपल्या नाग नदीबद्दल विचारा. ती वाडीजवळच्या लावा गावाच्या टेकड्यांत उगम पावते. तिचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे समोर दिसतोय तो आपल्या पाण्याचा समुद्रच नाही! नकाशावर बोट फिरवत त्याला ही वाट शोधू द्या.

किल्ल्यात मात्र घाई करू नका. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये त्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय रचले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. हे सांगून टाकू नका. त्या फटींत हात घालू द्या, चुना का नसेल ते विचारा आणि उत्तराची वाट पाहा. पुढे हाच किल्ला कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी तो त्यांच्या हाती लागला नाही. कान्होजी 1729 मध्ये गेले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. ओहोटीची वेळ दुपारनंतरची असेल तर आधी तिथे जा.

आणि एक. समुद्र कधीच न पाहिलेलं मूल बोटीत घाबरू शकतं. त्याला हसू नका, ‘शिवरायांचा मावळा ना तू’ असंही म्हणू नका. 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट जाते. ती मोठी आहे आणि कमी हलते. तिने गेलात तरी किल्ला तोच आहे.