सहकारी संस्थांचे दीर्घायुष्य

सहकारी संस्था स्थापन करणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. कायदा आहे, निबंधकांचे कार्यालय आहे, भागभांडवलासाठी योजनाही आहेत. कठीण असते ते पुढील पन्नास वर्षे ती चालविणे. या दृष्टीने मुंबईच्या 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या संस्थेचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. तिची नोंदणी सहकारी कायद्याखालील नसली, तरी कारभार सहकाराचाच आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरले आणि खाली स्टोव्ह पेटविला. देणगी घ्यावयाची नाही, हा दंडक त्यांनी आरंभीच घालून घेतला होता. शासकीय पत्रिकेत हे लिहिणे काहीसे विसंगत वाटेल; परंतु अनुदानाच्या पहिल्या हप्त्याने सुरू होऊन शेवटच्या हप्त्याबरोबर संपलेल्या संस्था कोणत्या तालुक्यात नाहीत?

येथे लाटणारी भगिनी हीच मालक असते. सकाळी मळलेले पीठ घरी न्यावयाचे, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून द्यावयाचे, तपासणी झाली की लाटणावळ घ्यावयाची. नफा-तोटाही भगिनींचाच. त्यामुळे पीठ किती गेले व पापड किती आले, हे प्रत्येकीला ठाऊक असते. हिशेब चिटणिसांच्या कपाटात बंद राहात नाही. आज ४५,००० हून अधिक भगिनी या पद्धतीने काम करतात.

केवळ वय वाढल्याने मात्र संस्था सुरक्षित होत नाही. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये 'अन्योन्य सहायकारी मंडळी' निघाली, ती सहकारी पतसंस्थांच्या १९०४ च्या कायद्यापूर्वी १५ वर्षे. पुढे तिची बँक झाली. शंभरी ओलांडलेल्या या बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये रद्द केला.

वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ताळेबंद येतो. बहुतेक सभासद चहा घेऊन घरी परततात. शिक्षकांनी गावच्या संस्थेचा ताळेबंद वरच्या वर्गात गणिताच्या तासाला फळ्यावर मांडून पाहावा. थकबाकी गतवर्षीपेक्षा किती वाढली आणि ती कोणाकडे आहे, हा प्रश्न मुलांकडून घरापर्यंत व घरातून सभेपर्यंत सहज पोहोचेल.