स्टार्टर निघतो, चोक निघत नाही

दिवाळी अंकाचे अखेरचे फर्मे यंत्रावर चढावयाचे होते आणि नेमक्या त्याच रात्री आमच्या छापखान्यातील जुळणीच्या दालनातल्या १२५ वॉटच्या मर्क्युरी दिव्याचा चोक जळाला, बाजार बंद, मुदत दुसऱ्या दिवसाची, अशा पेचात वायरमन म्हणाला, "मालक, ट्यूब लागल्यावर स्टार्टर काढला तरी ती जळतेच ना? मग हा दिवाही चोकावाचून जळेल." तर्क मला पटला आणि थेट जोडणीचा हुकूम मीच दिला, कसूर माझीच.

स्टार्टरचे काम ट्यूब पेटेपर्यंतचे, चोकाचे खरे काम ती पेटल्यावरचे, हा भेद आम्हां दोघांच्याही ध्यानी आला नाही. साध्या बल्बातील टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो व ती आपला प्रवाह आपणच आवरते; वायूचा स्वभाव याच्या अगदी विपरीत, कारण प्रवाह वाढला की त्यातील विद्युद्भारित कण वाढतात, कण वाढले की रोध घटतो, आणि रोध घटला की प्रवाह पुन्हा वाढतो, तो बाहेरून कोणी अडवीपर्यंत. चार फुटी, ४० वॉटच्या ट्यूबवर २३० व्होल्टांच्या पुरवठ्यातही सुमारे १०० व्होल्टच पडतात आणि प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आत राहतो, तो केवळ चोकाच्या लोखंडी गाभ्यावरील वेटोळ्यांमुळे.

आमच्या दिव्यास तो आवर उरला नव्हता, आणि फ्यूजमध्येही कोणीतरी पूर्वीच तांब्याची जाड तार बसविलेली होती. बटण दाबताच निळसर लखलखाट झाला, आणि पुढच्याच क्षणी दिवा फुटून काचांचा सडा जुळवून ठेवलेल्या गॅल्यांवर पडला. खिळ्यांच्या फटींत शिरलेले ते कण जुळारी दोन दिवस चिमट्याने वेचीत होते. एकाच्या भुवईवरचा व्रण अद्याप दिसतो.

म्हणून सांगतो, चोक दिव्याच्या जातीचा व त्याच वॉटचा घ्यावा. १२५ वॉटच्या दिव्यास २५० वॉटचा चोक लावला तर दिवा लागतो, अधिक प्रखरही दिसतो, आणि याच प्रखरतेला भुलून माणसे तो तसाच ठेवतात; परंतु तो दिवा भलत्याच प्रवाहावर चाललेला असतो. फ्यूजची तार हिशेबानेच घालावी. बाहेरची काच फुटूनही आतली नळी जळत राहिली, तर वीज तत्काळ तोडावी, कारण तिचे अतिनील किरण डोळ्यांस व कातडीस अपाय करतात. आतली नळीच फुटली, तर पाऱ्याच्या वाफेसाठी खिडक्या उघडून सर्वांनी काही वेळ बाहेर थांबावे.

आणि चोक मिळतच नसेल, तर त्या रात्रीपुरते साधे बल्ब टांगावेत. आम्ही तो अंक अखेर तसल्याच बल्बांच्या उजेडात पुरा केला. तो चार दिवस उशिरा निघाला.