मेंढी मरायच्या आधी सांगत नाही

जून २०२२ संपत आला होता. पहाटे पाचला शेडचं फाटक उघडलं तर दारातच एक नर आडवा पडलेला. मान मागं वळलेली, पाय ताठ, पोट टम्म. आदल्या संध्याकाळी खुराकाची पाटी टाकली तेव्हा हाच सगळ्यांच्या अंगावरून उड्या मारत गव्हाणीवर आला होता. आत गेलो तर आणखी सहा. सातही कळपातले सगळ्यांत भरलेले नर. बकरी ईद १० जुलैला होती आणि हैदराबादकडचा व्यापारी त्यांचा इसार देऊन गेला होता.

मनात पहिलं आलं ते विष. बांधाशेजारच्या काकांशी महिनाभर आधी पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली होती. मी तडक त्यांच्या दारात गेलो आणि नको ते बोललो. दुपारी डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. विष कुणी घातलं नव्हतं, ते जनावरांच्या आतड्यातच तयार झालं होतं. रोगाचं नाव आंत्रविषार. याचे जंतू धडधाकट मेंढीच्या पोटातही थोडेफार असतातच. अचानक दाणा वाढला किंवा पावसाळ्याचं लुसलुशीत गवत पोटभर मिळालं की ते बेसुमार वाढतात, विष सोडतात आणि काही तासांत जनावर जातं. म्हणून जे जास्त खातं, तेच आधी मरतं. ईदला वजन भरावं म्हणून मी आठ दिवसांपासून मक्याचा भरडा दुप्पट केला होता. वर मृगाच्या पावसानंतरचं कोवळं गवत भारेच्या भारे टाकत होतो. आणि मे महिन्यात द्यायची लस ‘पाऊस तर पडू दे’ म्हणून राहून गेली होती. एका जनावरामागं काही रुपयांची ती लस.

संध्याकाळी काकांच्या पाया पडलो. ते म्हणाले, “जाऊ दे बाबा. जितराब गेलं की माणसाचं डोकं ठिकाणावर ऱ्हात न्हाई.”

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, लातूर जिल्ह्याच्या अगदी कडेला. पलीकडचं शिवार नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचं. निम्मी जमीन काळी, निम्मा माळ. वडील सोयाबीन-तूर करतात. मी पुण्यात एका कंपनीत होतो, २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गावी आलो तो परत गेलो नाही. मोबाईलवर बंदिस्त मेंढीपालनाचे व्हिडिओ पाहिले, पैसे भरून दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं, प्रकल्प अहवाल करून घेतला आणि बँकेचं कर्ज काढलं. २०२१च्या दिवाळीनंतर १०० मेंढ्या आणि पैदाशीसाठी ४ नर आणले. दुसऱ्या दिवाळीला त्यातल्या ५८ उरल्या होत्या. हे लिहितोय ते त्या ४२ मेंढ्यांसाठी, आणि आज पुन्हा कुणी तसाच अहवाल हातात घेऊन बसला असेल त्याच्यासाठी.

त्या अहवालात लिहिलं होतं, दोन वर्षांत तीन वेत आणि प्रत्येक वेताला दोन कोकरं. आपल्याकडची दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. जुळी देते ती आपली उस्मानाबादी शेळी. शेळीचा आकडा उचलून मेंढीला लावला होता आणि मला ते कळलंसुद्धा नाही. मेंढीत जुळ्यांसाठी वेगळा गुण लागतो. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला तो गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्ण’ तयार केली, ती जुळी देते. पण दोन कोकरांना पुरेल एवढं दूध यायला आईच्या पोटात तेवढं पडावं लागतं, आणि त्या चाऱ्याची किंमत आपल्यालाच मोजायची असते.

चाऱ्याचा हिशोब तर मी केलाच नव्हता. ३० किलोच्या मेंढीला पाण्याचा अंश वगळून रोज साधारण एक किलो चारा लागतो. १०० मेंढ्या म्हणजे रोज एक क्विंटल, वर्षाला ३६५ क्विंटल. त्यातला निम्मा हिरव्यातून द्यायचा म्हटला तरी रोज अडीच क्विंटल हिरवा कापून आणावा लागतो. माझ्याकडं मेथीघास होता वीस गुंठे. मार्चमध्ये बोअरचं पाणी गेलं तसा घासही गेला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे मला माहीत नव्हतं थोडंच! तरी अहवालातल्या बारमाही हिरव्या चाऱ्यावर मी विश्वास ठेवला. कर्जातला मोठा वाटा शेडच्या लोखंडात आणि पत्र्यात गेला. मेंढीला छताखाली दहा-बारा चौरस फूट कोरडी जागा आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळं अंगण पुरतं. बांबू-तुराट्यांचा निवारा चालला असता, आणि उरलेल्या पैशांत दोन वर्षांची गुळी अन् कडबा भरून ठेवता आला असता.

खरेदी केली ती चार बाजारांतून, जिथं स्वस्त मिळेल तिथं. टेम्पो आला की मेंढ्या सरळ शेडात. हाताखाली एक मेंढके मामा ठेवले होते, मुखेडकडचे, साठीच्या पुढचे, जन्म मेंढरामागं गेलेला. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, “मालक, ही मागची बारा मेंढरं येगळी बांधा. नाकाला पानी हाय.” मी म्हटलं, “मामा, प्रवासानं झालं असेल.” नवव्या दिवशी खोकला सुरू झाला, मग ताप, तोंडात फोड, हगवण. तो पीपीआर होता. पंधरवड्यात १४ मेंढ्या गेल्या, गाभण असलेल्या कित्येकींनी गाभ टाकले. या रोगाची लस एकदा दिली की तीन वर्षं चालते. नवीन जनावर तीन आठवडे कळपापासून लांब बांधलं, त्याला वेगळी बादली आणि वेगळी गव्हाण ठेवली, तर रोग तिथंच दिसतो. बाराऐवजी शंभरांत तो मी स्वतःच्या हातानं पसरवला.

उन्हाळ्यात मामा गेले. भांडण झालं असं नाही. “आपन मेंढरं बघनारी मानसं, तुमी मोबाईल बघनारी,” एवढंच बोलले आणि काठी उचलली. मी त्यांचा पगार वाचला म्हणून हिशोबात लिहून ठेवला. तो कागद अजून आहे.

मामांना काय दिसत होतं, ते मला पुढं दोन वर्षांनी कळलं. मेंढी दुखणं लपवते. ही जातच कळपाच्या आडोशानं जगणारी. जे दुबळं दिसेल ते लांडगा उचलतो, म्हणून आजारी मेंढी शेवटपर्यंत बाकीच्यांत मिसळून चालत राहते, गवताला तोंड लावून उभी राहते, आणि आपल्याला वाटतं चरतेय. ती खाली बसली तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. शेळी ओरडते, म्हैस दूध कमी करते. मेंढी काहीच सांगत नाही. ते बघायचं असतं.

मामा सकाळी शेडचं फाटक एकच मेंढी जाईल एवढं उघडत आणि मोजत. मोजणं हे निमित्त. कोण आधी निघालं, कोण मागं राहिलं, कुणाचा कान लोंबला, कुणाचं शेपूट हगवणीनं बरबटलंय, कुणाचा पाय उचलून पडतोय, हे त्या दोन मिनिटांत त्यांना दिसे. रोज मागं राहणारी मेंढी ते धरत आणि खालची पापणी उलटून पाहत. पापणी लाल असली तर सोडून देत, पांढरट असली तर जंत. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली की म्हणत, “ही तळ्याकाठी चरलीया.” तळ्याच्या, धरणाच्या पाणथळ काठाला गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून यकृतातला चपटा जंत मेंढीत येतो. रात्री झोपायच्या आधी ते दिवा न लावता शेडाशी उभे राहत आणि रवंथाचा आवाज ऐकत. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा माणूस उगाच उभा आहे.

मामा नसताना ऑक्टोबर आला. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत खरिपाला जिकडं पाहावं तिकडं सोयाबीन. काढणी झाली की रानात शेंगा, दाणे सांडलेले असतात. शेजारी म्हणाले, चारा मेंढरं, फुकट आहे. मी पूर्ण कळप सकाळी उपाशीपोटी घातला. दुपारपर्यंत सगळ्या दाणे वेचत होत्या आणि मी खूश. रात्री पोटं फुगली, दात खाणं सुरू झालं, काही जागेवर बसल्या त्या उठल्या नाहीत. दाणा पोटात आंबतो, आम्ल वाढतं आणि मेंढी आतून जळते. अकरा गेल्या. आता आधी कडबा किंवा गुळी पोटभर देतो, मग रानात पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास. रानात तणनाशक मारलं होतं का, केव्हा, हे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. ज्वारीचं तर त्याहून जपावं लागतं. कोवळी किंवा पाण्यावाचून सुकलेली ज्वारी, कापल्यावर बुडख्यातून फुटलेले धुमारे यांत विष असतं आणि जनावराला किराळ लागतं. तिथं डॉक्टर यायलाही वेळ मिळत नाही. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच तिच्याकडं बघावं.

विम्याचं थोडक्यात सांगतो. मेलेल्या मेंढ्यांपैकी निम्म्यांच्या कानात बिल्ला नव्हता, काटेरी कुंपणात तुटून पडला होता, आणि मी नवा मारून घेतला नव्हता. पहिल्या खेपेला शवविच्छेदन न करताच खड्ड्यात पुरल्या. दावे नामंजूर झाले. कागदावर चूक माझीच होती. बिल्ला तुटला की त्याच दिवशी कळवा, मेलं की आधी बिल्ल्यासह फोटो, मग डॉक्टर, मग खड्डा.

डिसेंबर २०२२ मध्ये माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गेलो, ते मामांना शोधायलाच. मार्गशीर्षात ते तिथं चुकत नाहीत हे माहीत होतं. घोंगडी अंथरून बसले होते. मी सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, “कामून इकून टाकनास ऱ्हायलेली?” मी म्हटलं, “मामा, मला शिकायचंय.” पौषात ते आले.

तेव्हापासून बंदिस्त हा शब्द मी सोडला. दिवसा माळावर आणि बांधावर चराई, रात्री शेडात थोडा खुराक. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा, निंबाचा आणि सुबाभळीचा पाला, तुरीची आणि सोयाबीनची गुळी. माघ-फाल्गुनात मोकळ्या रानात जाळी लावून मेंढरं बसवतो, त्याचे शेतकरी पैसे किंवा धान्य देतात. ते खत विकत घ्यायला गेलं तर परवडत नाही, हे काळ्या रानवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. लोकरीचं मात्र काही सांगण्यासारखं उरलेलं नाही. आमच्याकडं कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आंत्रविषाराची पहिली मात्रा आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. लस बर्फाच्या डब्यातच आणायची, खिशात घालून नाही. लसीच्या आधी जंताचं औषध. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खुरांत बसून खूर सडतात, म्हणून फाटकात उथळ हौद करून मोरचुदाचं पाणी ठेवतो, आणि मेंढ्या ते पिणार नाहीत याकडं उभं राहून लक्ष देतो. तांबं मेंढीला सोसत नाही. गाई-म्हशीचं क्षार मिश्रण तिला का देऊ नये, त्याचंही कारण हेच. कोकरू जन्मलं की तासाभरात चीक पाजायचा, नाळेला आयोडीन लावायचं. दर दोन वर्षांनी नर बदलायचा, नाहीतर बाप-लेकींचं वेत होतं आणि कोकरं खुरटतात. ओढ्याकाठी रात्रीचा मुक्काम नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावांत पाणी शिरलं, माणसं गेली, दावणीची जनावरं गेली. वीज कडाडत असताना एकट्या झाडाखाली कळप उभा करायचा नाही.

अनुदानाबद्दल खूप जण विचारतात. महामेष योजना भटक्या जमाती क प्रवर्गासाठी आहे, २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० मेंढ्यांपासून पुढं ५० टक्के मिळतं, पण दोन हप्त्यांत, आणि रोजच्या चाऱ्यासाठी, औषधासाठी, मजुरीसाठी नाही. म्हणजे मेंढी ज्या गोष्टींवाचून मरते, त्या सगळ्या आपल्याच खिशातून. त्या वर्षभराच्या खर्चाची रक्कम हातात नसेल तर १०० वर जाऊ नका. २० वरच थांबा.

आणि २० आणायच्या आधीही एक करा. मुखेडला शेळी-मेंढी महामंडळाचं पैदास प्रक्षेत्र आहे, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६२ वर फोन केला तर फिरतं पथक येतं. पहिल्या दोन्ही जागा माझ्या गावापासून जवळ होत्या आणि कर्ज काढण्याआधी मी एकीकडंही गेलो नव्हतो. तुम्ही जा. त्यानंतर तुमच्या भागातल्या एखाद्या मेंढक्याला गाठा आणि महिनाभर त्याच्या मागं चाला, पहाटे फाटक उघडण्यापासून रात्री रवंथ ऐकण्यापर्यंत. त्याला त्या महिन्याची रोजी द्या. शेडच्या पहिल्या खांबाआधी हा खर्च करा.