गळका व्हॉल्व्ह : आधी धनी शोधा, मग अर्ज करा



पाटाचं दार गळू लागलं की आपण रात्री-अपरात्री फावडं घेऊन धावतो. पण शहरात घरापुढचा व्हॉल्व्ह गळाला, तर ‘सरकारी पाणी’ म्हणून गप्प बसतो. आपली पुष्कळ मुलं शहरात राहतात, म्हणून हा धडा.

उन्हाळ्यात मी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या बाजूला मेहुण्यांकडे गेलो होतो. तिथे वीज केंद्राची वसाहत, ग्रामपंचायत व महानगरपालिका यांच्या हद्दी शेजारी-शेजारी. इरई धरणाचं पाणी वीज केंद्राला लागतं, तसंच चंद्रपूर शहरालाही. २०१० च्या उन्हाळ्यात धरणात पाणी कमी पडल्यानं वीजसंच बंद ठेवावे लागले होते. अशा मुलखात मेहुण्यांच्या दारचा व्हॉल्व्ह तीन आठवडे गळत होता. तक्रार तीनदा केली, पण तोंडी. आणि तीही चुकीच्या कार्यालयात!

मग आम्ही पुढीलप्रमाणे केलं :

१) गळती मोजली. बादली व घड्याळ पुरे. मिनिटाला १ लिटर म्हणजे दिवसाला १,४४० लिटर, वर्षाला सव्वापाच लाख. पाटपाण्यावरचा सुमारे दोन गुंठे ऊस त्यात वर्षभर भिजतो.

२) जागा शोधली. घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहिला. तो फिरत राहिला तर गळती मीटरच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला. स्थिर राहिला आणि चेंबरात पाणी येतच असेल, तर मीटरच्या आधी. आमचा स्थिर होता.

३) धनी शोधला. पाणीपट्टीची पावती कोणाची, ते पाहिलं. मुख्य वाहिनी संस्थेची असते. तिथून घरापर्यंतची नळी मात्र बहुधा ग्राहकाची धरतात. जोडणीच्या कागदावरून खात्री करावी.

४) लेखी अर्ज दिला. ग्राहक क्रमांक, खूण, तारीख व गळतीचं माप लिहिलं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला.

चौथ्या दिवशी माणसं आली आणि व्हॉल्व्ह बदलून गेली.

दाद लागली नाही, तर सरकारी कार्यालयाकडे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये भरून ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ असं विचारावं. उत्तराची मुदत ३० दिवस. न मिळाल्यास पहिलं अपील. शिक्क्याची प्रत नसेल, तर विचारणार कशाच्या आधारावर?

आपल्या उपसा योजनेच्या व्हॉल्व्हलाही हेच लागू. पुढच्या पाळीआधी चेंबरात एकदा डोकावा.

— ऊस विकास अधिकारी