चार भेटींचा उपचार : किशोरवयीनांची चिंता, नैराश्य आणि संवादाचे सामर्थ्य

परीक्षांचे दिवस जवळ आले की आमच्या बाह्यरुग्ण विभागात पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड आणि झोप न येणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलामुलींची वर्दळ वाढते. रक्ततपासणी होते, सोनोग्राफी होते, अहवाल निर्दोष येतात. पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. मुलाचे दुखणे मात्र तसेच राहते. त्याच्या मनाची विचारपूस करावी असे आम्ही सुचवताच, "आमचा पोरगा काही पागल नाही, डॉक्टरसाहेब," असे उत्तर मिळते. या एका वाक्यामुळे कित्येक मुलांचा उपचार वर्षानुवर्षे लांबतो. म्हणूनच यंदाच्या अहवालातील आरोग्यशिक्षणाचा पाठ आम्ही या विषयासाठी राखून ठेवला आहे.

प्रश्न किती मोठा?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलामुलींमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. मोठ्या महानगरांत हे प्रमाण त्याहून अधिक होते. मानसिक विकारांपैकी जवळजवळ निम्म्या विकारांची सुरुवात वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी होते, असे जगभरातील अभ्यास सांगतात. नागपूर हे विदर्भाचे शिक्षणकेंद्र आहे. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ येथून नीट व जेईईच्या शिकवणीसाठी आलेली मुले येथे घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्यावर घरच्यांच्या आशेचे ओझे असते आणि मन मोकळे करायला जवळचे कोणी नसते.

या सर्व मुलांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत आणि नजीकच्या काळात होण्याची चिन्हेही नाहीत. मग हा उपचार करावा कोणी?

आपल्या परिसरातील अनुभव

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात मिळाले. तेथील ३० गावांत 'विश्राम' या नावाने एक कार्यक्रम राबवण्यात आला. गावातीलच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नैराश्याची लक्षणे ओळखावीत, धीर द्यावा, समुपदेशन करावे आणि गरजेनुसार रुग्णाला तज्ज्ञांकडे पाठवावे, अशी त्याची रचना होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्त व्यक्तींपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

अशा समुपदेशनाने रुग्ण बरेही होतात का, याचे उत्तर गोव्यातून आले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांचा अभ्यास केला. व्यावसायिक पदवी नसलेल्या, परंतु काटेकोर प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी त्यांपैकी एका गटाला सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनंतर त्या गटातील ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले होते. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

हे दोन्ही अनुभव प्रौढांचे होते. त्यानंतर याच संस्थेने किशोरवयीनांसाठी आणखी सुटसुटीत पद्धत तयार केली आणि दिल्लीतील सहा सरकारी शाळांतील २५० विद्यार्थ्यांवर तिची परीक्षा घेतली. निम्म्यांना केवळ माहितीपुस्तिका मिळाल्या. उरलेल्यांना पुस्तिकांसोबत तीन आठवड्यांत चार ते पाच भेटी मिळाल्या. प्रत्येक भेट सुमारे २० ते २५ मिनिटांची होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, भेटी मिळालेल्या मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता सहा आठवड्यांत अधिक कमी झाली. लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र त्या वेळी दोन गटांत स्पष्ट फरक दिसला नाही. वर्षभराच्या पाठपुराव्यात दोन्ही बाबींत माफक, पण टिकून राहिलेला लाभ आढळला. हा चमत्कार नव्हे. परंतु फार तर सुमारे दोन तासांच्या संवादाचे फळ म्हणून तो निश्चितच मोलाचा आहे.

या भेटींत काय घडते?

समुपदेशन म्हणजे उपदेश, असा आपल्याकडे समज आहे. या पद्धतीत उपदेशाला जागा नाही. तिचे तीन टप्पे 'प्रश्न, पर्याय, प्रयत्न' या तीन शब्दांत सांगता येतील. समजण्यास सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ; ते कोणा एका रुग्णाचे नाही.

शिकवणीसाठी नागपुरात राहणारा बारावीचा एक विद्यार्थी रात्र रात्र जागा असतो. पहिल्या भेटीत समुपदेशक त्याला आपल्या सर्व अडचणी कागदावर लिहायला सांगतात आणि त्यांतील एक, आपल्या हातात काही करता येण्याजोगी अडचण निवडू देतात. तो लिहितो : "रोज रात्री बाबा फोनवर गुण विचारतात आणि मी खोटे सांगतो." 'अभ्यास होत नाही' या धूसर तक्रारीतून नेमका प्रश्न हाती लागला, येथेच पहिले पाऊल पडते.

दुसऱ्या भेटीत पर्यायांची यादी होते : फोन न उचलणे, एकदम सर्व खरे सांगणे, आधी आईला विश्वासात घेणे, गुण फक्त रविवारी सांगेन अशी विनंती करणे. कोणताही पर्याय हास्यास्पद ठरवला जात नाही. प्रत्येकाचे फायदे-तोटे तो स्वतः लिहितो आणि आईशी बोलण्याचा पर्याय निवडतो. कधी, कोठून, कोणत्या शब्दांत बोलायचे, हेही ठरते.

पुढील भेटीत त्या प्रयत्नाचा आढावा घेतला जातो. आईने समजून घेतले. बाबा मात्र रागावले. मग काय जमले, काय राहिले आणि आता दुसरा कोणता मार्ग धरावा, याचा विचार होतो. शेवटच्या भेटीत हीच रीत पुढच्या अडचणीला कशी लावायची याची उजळणी होते. बाबांचा स्वभाव चार भेटींत पालटत नाही. परंतु आपल्या अडचणीपुढे आपण अगदीच हतबल नाही, हा अनुभव मुलाला मिळतो. चिंता आणि नैराश्य नेमका हाच विश्वास हिरावून घेतात.

मर्यादा

चार भेटी सर्वांना पुरत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, खाणेपिणे सुटणे, शाळा पूर्ण बंद होणे, भास होणे, स्वतःला इजा करणे किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा, यांपैकी काहीही आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे अगत्याचे आहे. औषधांची गरज असल्यास ती टाळू नयेत. मरणाचा विचार मुलाने बोलून दाखवला तर तो 'नाटक' समजू नये. त्याला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची १४४१६ ही 'टेली-मानस' दूरध्वनी सेवा २०२२ पासून अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. तसेच मारहाण, लैंगिक छळ किंवा घरातील हिंसा यांवर मुलाने एकट्याने उपाय शोधावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. तेथे मोठ्यांनीच पाऊल उचलले पाहिजे.

पालकांना विनंती

मूल बोलू लागले की पहिली दहा मिनिटे फक्त ऐकावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. "आमच्या वेळी असे नव्हते" हे वाक्य तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे. समुपदेशकांकडे मूल काय बोलले, याची घरी उलटतपासणी घेऊ नये. मुलाच्या जिवाला धोका असल्यास ते आपणांस सांगणे समुपदेशकांचे कर्तव्यच आहे; एरवी त्या संभाषणाची गुप्तता हा उपचाराचाच भाग आहे.

दाते व विश्वस्तांना निवेदन

आपल्या देणगीतून एखादे यंत्र आले की त्यावर नावाची पाटी लागते आणि ते सर्वांना दिसते. या उपचाराला लागते ती दार बंद होणारी एक शांत खोली, काही कागद, प्रशिक्षित समुपदेशकांचे मानधन आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या तज्ज्ञांचा नियमित वेळ. या देखरेखीवरचा खर्च वायफळ वाटण्याचा संभव आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या कार्यक्रमांत सामान्य शिक्षणाच्या व्यक्ती हे काम करू शकल्या, त्यामागे हीच देखरेख होती. ती वगळल्यास संवादोपचाराच्या नावाखाली पुन्हा उपदेशच सुरू होईल.

म्हणून अशा कार्यासाठी देणगी देताना आपण आमच्याकडे केवळ लाभार्थींची संख्या मागू नये. किती मुले अखेरच्या भेटीपर्यंत आली, कितींना वेळीच तज्ज्ञांकडे पाठवले आणि सहा महिन्यांनंतर ती कशी आहेत, हेही अवश्य विचारावे. त्याचा हिशेब देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.