अंगठ्याआधीची ओळ

माझं अक्षर चांगलं आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच अक्षराने मी चौदा माणसं अडकवली, हे फार थोड्यांना.

आमचं घाटघर नाणेघाटाच्या तोंडाशी, जीवधनच्या पायथ्याला. भाताची खाचरं आणि जंगलातला हिरडा, एवढ्यावर वर्ष निघत नाही. भात झोडून झालं की अर्धं गाव खाली नारायणगाव-ओतूरच्या बागायतीत मजुरीला जातं. मीही असाच उतरलो. पण बारावी झालेली, म्हणून हाती खुरपं न येता वही आली. एका मुकादमाचा हिशोब लिहू लागलो. लोक ‘मास्तर’ म्हणायचे. बरं वाटायचं.

त्या वर्षी कांदा काढायला धडगावकडची टोळी आली. चौदा माणसं, त्यांत सहा बाया. सातपुड्यातली, पावरी बोलणारी. नंदुरबार जिल्हा म्हणजे आपलंच राज्य. पण त्यांना मराठी परकी आणि मला पावरी. एका पोराला बाजारापुरतं हिंदी येत होतं, तोच त्यांचा दुभाषा.

हंगाम संपला तेव्हा मुकादमाने स्टॅम्प पेपर पुढे सरकवला आणि मी त्याच्या सांगण्यावरून लिहिलं. आमची सर्व मजुरी रोख मिळाली, काही तक्रार नाही. उचलीची बाकी फिटेपर्यंत याच मुकादमाकडे काम करू, दुसरीकडे जाणार नाही. वाक्यं दोन. पोराला मी एकच सांगितलं, ‘पैसा मिल गया, ऐसा लिखा है.’ दुसरं गिळलं. टेम्पो उभा होता, ऊन चढलं होतं आणि मी मुकादमाचं मीठ खात होतो. पोरगा ‘हां, हां’ म्हणाला. चौदा अंगठे शाईत बुडाले.

पुढल्या हंगामात त्यातल्या एका बाईचं लेकरू तापाने फणफणलं. तिला गावी जायचं होतं. मुकादमाने कागद काढून दाखवला. अंगठा दिलाय, बाकी फेड आणि जा. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या कागदात काय आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मला बाचा कागद आठवला. २००६च्या वनहक्क कायद्याखाली बाने वहिवाटीच्या जमिनीचा दावा केला होता. तो नाकारल्याचं पत्र आलं. होतं मराठीतच, पण ‘सबब’, ‘उपरोक्त’, ‘अमान्य करण्यात येत आहे’ असलं मराठी आमच्या घरात कुणी कधी बोललेलं नाही. बाने पत्र घडी करून कणगीमागे खोचलं. मी आश्रमशाळेतून सुटीला आलो तेव्हा वाचलं. नामंजुरीवर वरच्या समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. दिवस केव्हाच उलटून गेले होते.

नाणेघाटाच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती नाणी दिली, याचा आकड्यांसकट हिशोब भिंतभर कोरलेला. आमची माणसं पावसात त्याच गुहेत आडोशाला बसत आली. अक्षर एकालाही लागलं नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. बाचं मात्र एका कागदापायी अडलं. आणि ते सोसलेल्या घरातला मी, तसलाच कागद दुसऱ्यांसाठी लिहून बसलो होतो.

जुन्नरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. तिथल्या वकीलबाईंनी कागदाची नक्कल वाचली आणि विचारलं, ‘हे अक्षर कुणाचं?’ ‘माझं.’ ‘मग दुसऱ्या ओळीखाली तुम्हीच रेघ मारा.’ उचलीपायी माणसाला कामाला बांधून ठेवणं १९७६च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे आणि असलं कर्ज कायद्यानेच रद्द ठरतं, हे मला तेव्हा कळलं. मुकादम ज्या ओळीवर विसंबला होता, तीच त्याच्यावर उलटली.

आणखी एक पुरावा निघाला. शेडच्या पत्र्यावर पोराने रोज कोळशाची एक रेघ ओढली होती. रेघा ४१, माझ्या वहीत ३४ दिवस. सात खाडे मुकादमाने सांगितले तसे मी मांडले होते. तहसीलदारांकडे अर्ज गेला, मी जबाब लिहून दिला. टोळी गावी गेली, सात दिवसांचे पैसेही मिळाले. आदल्या वर्षीचे बुडाले ते बुडालेच. माझी वही गेली. ती जायलाच हवी होती.

तेव्हापासून बाहेरगावच्या मजुरांचे कागद वाचून देतो. ठेच लागून जे शिकलो, ते सांगतो.

सारांश सांगू नका. कागद ओळ न ओळ सांगा. ‘ते नेहमीचंच असतं’ म्हणून जे गाळलं जातं, बहुतेक वेळा तीच ओळ पुढे नडते.

दुभाषा मालकाचा नको, मुकादमाचा नको आणि लहान पोरही नको. मजुराच्या गावाकडच्या शाळेतला एखादा शिक्षक किंवा तिथली आशाताई फोनवर मिळते. फोन स्पीकरवर टाका, सगळ्या टोळीला ऐकू द्या.

‘हां’ म्हणजे कळलं, असं धरू नका. परक्या मुलखात माणूस भिऊनही मान हलवतो. त्यालाच उलट सांगायला लावा, की या कागदाने तू काय कबूल करतोयस. अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून.

कोऱ्या कागदावर अंगठा नाही. ज्यावर अंगठा दिला त्याचा फोटो त्याच जागी मोबाईलमध्ये घ्या. रोजचा खाडा-हजेरी मजुराने स्वतः मांडावी. लिहिता येत नसेल तर रेघ ओढावी. तारखेसह तिचाही फोटो असू द्या.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली तर ती वाचून दाखवायला सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. भाषेचं म्हणाल तर, नागपूरच्या हरिकिसन यांना स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती आणि तोंडी हिंदीत समजावली होती. ते पुरेसं नाही, माणसाला समजणाऱ्या भाषेत आणि वाचता येणाऱ्या लिपीत ती मिळाली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्येच सांगितलं. तेव्हा ‘मला कळत नाही, माझ्या भाषेत सांगा’ असं म्हणणं हा उद्धटपणा नव्हे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून मागे राहू नका. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, बाया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. मजूर अडकला असेल तर तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज म्हणजे न दिलेलाच.

आणि पोटाचं विसरू नका. रेशनकार्ड गावचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात मिळू शकतं. टोळीतल्या पोरांना जवळच्या शाळेत बसवा; दाखला नाही म्हणून शाळा नकार देऊ शकत नाही.

यातलं काहीच अवघड नाही. वेळ मात्र लागतो. टेम्पो थांबवून ठेवावा लागतो, ऊन सोसावं लागतं, मुकादमाचे डोळे सोसावे लागतात. मी त्या दिवशी पाच मिनिटं वाचवली होती.

आता कुणी कागद घेऊन ओट्यावर आलं की मी आधी चहा टाकायला सांगतो. मग शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. वाचून झालं की कागद त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘हं, आता तुम्ही मला सांगा, यात काय लिहिलंय?’